सामायिक भट्टी, घरोघरची बिअर

त्सॉयगल ही गावाच्या सामायिक भट्टीत उकळलेली, पण ज्याच्या-त्याच्या तळघरात मुरवलेली बिअर आहे. जर्मनीत बव्हेरियाच्या ईशान्य टोकाकडे, चेक सरहद्दीजवळच्या ओबरप्फाल्झ भागात ती मिळते. भट्टीची ही सामायिक पद्धत आज विंडिशएशेनबाख, नॉयहाउस, फाल्केनबेर्ग, मिटरटाइख आणि एस्लार्न या पाच ठिकाणीच जिवंत आहे.

हा घरचा जोडधंदा आहे. एरवी शेती, खाटीककाम किंवा नोकरी करणारे कुटुंब महिन्यातून एकदा, साधारण शुक्रवार ते सोमवार, घराचा एक भाग गिऱ्हाइकांना उघडून देते. पूर्वी ही बैठकीचीच खोली असे. आता काही घरांनी जुना गोठा किंवा कोठार त्यासाठी सजवले आहे. या शनिवार-रविवारी एक घर, पुढच्या वेळी दुसरे. खानदेशातल्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाळीने फिरते, तशी इथे गिऱ्हाइके फिरतात. वर्षभराच्या पाळ्या आधीच ठरतात आणि त्यांचे कॅलेंडर छापले जाते.

इतिहास थोडक्यात असा. नॉयहाउसला बिअर करण्याचा हक्क १४१५ मध्ये मिळाला, विंडिशएशेनबाखला १४५५ मध्ये. हक्क माणसाचा नसून घराचा असतो. जमिनीच्या दप्तरात त्याची नोंद असते आणि घर विकले की हक्कही नव्या मालकाकडे जातो. अशा भट्ट्या एकेकाळी या भागात गावोगावी होत्या. मोठे कारखाने आल्यावर बहुतेक थंडावल्या.

खरी गंमत भट्टीघरात आहे. पाळी असलेले कुटुंब आपले माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, घेऊन येते. विटांच्या चुलाण्यावर बसवलेल्या काहिलीखाली लाकडाचा जाळ लागतो. गरम पाण्यात माल्ट ठरावीक तापमानांना धरले की त्यातल्या पिठाची साखर होते. मग चोथा वेगळा काढून गोड रस हॉप्सची कडवट फुले घालून उकळतात. कढ नियंत्रित करायला बटण नाही. ओंडका कधी सारायचा आणि कधी मागे ओढायचा, हे जाळापाशी उभे राहूनच शिकावे लागते. भट्टी वापरल्याबद्दल कुटुंबाने ‘काहिलीचे पैसे’ भरायचे, त्यातून दुरुस्ती निघते.

उकळलेला रस नंतर वरच्या मजल्यावरच्या ‘कूलशिफ’मध्ये चढवतात. हे छताखालचे उथळ, पसरट धातूचे पात्र. रस रात्रभर त्यात उघडा पडून असतो. वाफ झडपांतून बाहेर जाते आणि गाळ तळाशी बसतो. आधुनिक कारखान्यात हेच काम बंद यंत्रात झटपट होते आणि हवेतले जंतूही रसाला शिवत नाहीत. तो मार्ग निर्धोक खरा, पण कूलशिफ पाहिलेल्या माणसाला तो कोरडा वाटला तर नवल नाही.

सकाळी रस ट्रॅक्टरमागच्या टाकीत भरून घरी नेतात आणि नळीने तळघरात सोडतात. इथे सामायिक काम संपते. यीस्ट घालणे, थंडाव्यात आठ-दहा दिवस आंबवणे, मग काही आठवडे मुरू देणे हे घरचे. म्हणून एकाच काहिलीतून निघूनही दोन घरांच्या बिअरची चव वेगळी लागते. ही बिअर गाळत नाहीत, त्यामुळे ती किंचित गढूळ, सौम्य फेसाची राहते आणि लांबच्या प्रवासाला फारशी टिकत नाही. ती प्यायला गावातच जावे लागते, आणि हेच या पद्धतीचे सर्वात मोठे संरक्षण आहे.

कोणाचे घर उघडे आहे, हे दारावर टांगलेल्या सहा टोकांच्या ताऱ्यावरून कळते. एक त्रिकोण अग्नी, पाणी व हवेचा, दुसरा पाणी, माल्ट व हॉप्सचा, असे सांगतात. यीस्टला त्यात जागा नाही, कारण त्याचे काम तेव्हा कोणाला उमगले नव्हते. न्यूरेंबर्गच्या एका हस्तलिखितात, १४२५ च्या सुमाराच्या चित्रात, बिअर करणाऱ्याच्या डोक्यावर हाच तारा दिसतो.

आत लांब बाकांवर अनोळखी लोक खेटून बसतात. ग्लासामागे एक रेघ ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने ओढली जाते. निघताना रेघा मोजून पैसे द्यायचे. सोबत घरचे सॉसेज, थंड भाजलेले डुकराचे मांस, लोणी घालून फेटलेले मसालेदार चीज आणि जाड पाव.

  

त्सॉयगलच्या नावाचा फायदा कारखानेही घेऊ लागले. बाटलीवर ‘त्सॉयगल’ छापायला कोणाची आडकाठी नव्हती. तेव्हा सामायिक भट्टीवाल्यांनी एकत्र येऊन ‘अस्सल त्सॉयगल’ असे स्वतःचे चिन्ह घेतले. २०१८ मध्ये ही परंपरा जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. विंडिशएशेनबाखला रेल्वे स्थानक आहे. जाणाऱ्याने आधी पाळीचे कॅलेंडर पाहावे आणि मगच तिकीट काढावे.