मशीनले तीन पंखे!

"नवाच घ्या ताई. याचा मदरबोर्ड गेला." दुकानातल्या मुलानं एवढं सांगितलं आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलासुद्धा. नवा म्हणजे पस्तीस हजार. रिक्षात मांडीवर तो जड डबा घेऊन घरी येताना माझ्या डोळ्यांसमोर पस्तीस हजार नव्हते, होती आमच्या बचत गटाची हिशेबाची फाईल. चौदा बायकांची सहा वर्षांची जमा, उचल, व्याज, सगळं त्या डब्यात. आणि त्याची दुसरी प्रत? नव्हती! 'उद्या करू' म्हणत राहिलेली.

ही २०२५ च्या एप्रिलमधली गोष्ट. आमचा गट केळीचे वेफर्स करतो. मोठ्या कढया आणि पॅकिंगचं यंत्र घ्यायला बँकेकडे कर्जाचा प्रस्ताव द्यायचा होता. मार्चअखेरचा हिशेब टाईप करायला बसले, की दुपारी दोनच्या सुमारास कॉम्प्युटर आधी रडतखडत चालायचा, आतला पंखा घरघरायचा आणि मग धप्पकन सगळं काळं. तीन दिवस हेच. आमच्या ह्यांनी तर हात जोडून सांगितलं, "तू आता त्याला हात लावू नकोस."

पण हात न लावता मला एक गोष्ट खटकत होती. सकाळी सहाला लावला, तर तो मुकाट दोन तास चालायचा. दुकानातही आधी चालला होता म्हणे. तिथं एसी होता. मग मदरबोर्ड काय फक्त दुपारी जातो? भुसावळची दुपार कशी असते, ते तुम्हाला सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या घरात गेला, की इथं माणसंसुद्धा बंद पडतात!

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून आधी काय केलं असेल, तर गटाची फाईल पेन ड्राइव्हवर घेतली. एक नाही, दोन पेन ड्राइव्हवर. मैत्रिणींनो, पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं आजच करा.

मग पुण्याला नोकरी करणाऱ्या चिरंजीवांना व्हिडिओ कॉल लावला. मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला. "आई, तू उघडणार? नको हं," इथून सुरुवात झाली. "अरे, मिक्सर, कूलर, गॅसची शेगडी कोण उघडतं घरात?" असं विचारल्यावर स्वारी मऊ आली. त्यानं सांगितलेल्या अटी मी आधी पाळल्या. बटण बंद करून प्लग भिंतीतून काढायचा. मग चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते. आतल्या भागांना हात लावण्यापूर्वी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, कारण आपल्या अंगावरची स्थिर वीज नाजूक भागांना मारक असते. आणि पॉवर सप्लायची पेटी, जिला एसएमपीएस म्हणतात, ती कधीही उघडायची नाही. प्लग काढल्यावरही तिच्यात जोरदार झटका देण्याइतकी वीज साठून राहू शकते.

दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवला आणि मी कपाळावर हात मारला. आत अक्षरशः गोधडी! स्वयंपाकघराच्या दाराशीच आमचा कॉम्प्युटर. पिठाची भुकटी, फोडणीचा तेलकट धूर, देवघरातल्या उदबत्तीची राख, मांजराचे केस, सगळ्यांनी मिळून पंख्याखाली जाड थर धरला होता. त्यातून वर माझं कर्तृत्व! २०१९ मध्ये कॉम्प्युटर आला, तेव्हा मी हौसेनं त्याला कशिद्याचं कव्हर शिवलं होतं. पुढून उघडं, पण मागून आणि वरून झाकलेलं. ते कव्हर चालू मशीनवरही तसंच असायचं. आणि तो सगळा संसार कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात. वैशाखात एखाद्याला स्वेटर घालून कपाटात कोंडावं, तसं झालं.

आपण त्या अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतो. खरं तर तो डबा म्हणजे कॅबिनेट. सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर, काडेपेटीहून लहान असा चौकोनी तुकडा. आमच्या प्रोसेसरच्या माहितीत ६५ वॅट लिहिलंय. जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बला बोट लावून बघितलंय ना कधी? तेवढी उष्णता त्या एवढ्याशा तुकड्यात तयार होते. ती काढून टाकायला त्याच्यावर अॅल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा आणि त्यावर पंखा असतो. उष्णता नीट निघाली नाही आणि तापमान १०० अंशांच्या आसपास गेलं, की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. तरी भागलं नाही, तर जळण्यापेक्षा बंद पडतो. म्हणजे आमचा कॉम्प्युटर बिघडला नव्हता, तो स्वतःला वाचवत होता!

पूर्वी हे एवढं नव्हतं. ४८६ नावाच्या प्रोसेसरच्या काळात बऱ्याच कॉम्प्युटरांत त्याच्यावर पंखाही नसे. १९९३ मध्ये पेंटियम आला आणि पंखा हळूहळू घरचाच झाला. काम वाढलं, की ताप वाढणारच. हे काय फक्त यंत्रांचं आहे?

साफसफाई मात्र आपल्या हातची. रंगाचा कोरडा नवा ब्रश आणि शेजारच्या वहिनींकडचा हवा मारायचा ब्लोअर घेऊन डबा अंगणात नेला. हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, नाही तर तो भलत्या वेगानं फिरून खराब होऊ शकतो. ओलं फडकं अजिबात नाही. प्रोसेसर आणि त्या ठोकळ्याच्या मध्ये एक लेप असतो, थर्मल पेस्ट. दोन धातू एकमेकांवर कितीही घट्ट बसवले, तरी मध्ये बारीक फटी राहतात. त्यातली हवा उष्णता अडवते, म्हणून हा लेप. आमचा वाळून खडखडीत झाला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं तो पुसला आणि नवा लावला, वाटाण्याच्या दाण्याएवढाच. तूप थापल्यासारखा थापायचा नाही, दाबाखाली तो आपोआप पसरतो.

चिरंजीवांनी तापमान दाखवणारा एक प्रोग्राम टाकून दिला होता. आधी दहा मिनिटांत ९७ अंश दिसायचे. आता ७८. एका पेस्टच्या पुडीत आणि दीड तासात पस्तीस हजार वाचले! बंद पडणं थांबलं. पण मे अजून यायचा होता. आणि जुन्या डब्याला पुढून हवा यायला जागाच नव्हती, सगळी चकचकीत प्लॅस्टिकची पाटी.

इथं मला एकदम आपला कूलर आठवला. खिडकीत कूलर लावला आणि समोरचं दार बंद ठेवलं, तर काय होतं? हवा कोंडते, खोली दमट होते, चिकचिक वाढते. समोर हवा जायला वाट ठेवावीच लागते. कॅबिनेटचं तेच. थंड हवा पुढून खालून आत आणि तापलेली हवा मागून वरून बाहेर. गरम हवा वर चढते, तिला चढू द्यायचं. फक्त एक लक्षात ठेवायचं, की हे पंखे कूलर नव्हेत. खोलीत ३९ अंश असतील, तर डब्यात त्याहून कमी होणार नाही. आणि खऱ्या कूलरचा दमट झोत मात्र कॉम्प्युटरवर सरळ येऊ द्यायचा नाही.

मग जळगावला जाऊन नवं कॅबिनेट आणलं. पुढे जाळी, जाळीमागे धुळीसाठी काढून धुता येणारी गाळणी आणि दोन पंखे बसवलेले. किंमत अडीच हजार. मागच्या बाजूसाठी १२० मिलिमीटरचा पंखा वेगळा घेतला, साडेतीनशेला. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ओढतो, म्हणून आवाज कमी. प्रोसेसरसाठी तांब्याच्या नळ्यांचा उभा कूलर बाराशेला. त्या नळ्यांत थोडंसं द्रव असतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती वाफ पुन्हा द्रव होऊन परत येते. माठातलं पाणी जसं वाफेबरोबर उष्णता घेऊन जातं, तसंच, फक्त इथं वाफ बाहेर जात नाही. खरेदीला जाण्यापूर्वी दोन मापं बघून ठेवा. मदरबोर्डचा आकार (आमचा मायक्रो एटीएक्स, जास्तीत जास्त २४.४ सेंटिमीटर चौरस) आणि नव्या डब्यात किती उंचीचा कूलर मावतो ते. नाही तर झाकणच लागत नाही.

जुन्या डब्यातली प्रत्येक वायर काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढला. बोर्डाखाली पितळेच्या छोट्या खुंट्या असतात. त्या बोर्डाच्या भोकांखाली नेमक्या बसवाव्या लागतात, कारण बोर्ड पत्र्याला टेकला तर शॉर्टसर्किट. सगळं जोडलं, बटण दाबलं, सुरू! पण तापमान काही अपेक्षेइतकं उतरेना. शेवटी मी उदबत्ती पेटवली. ह्यांना वाटलं, मी पूजाच करतेय! उदबत्ती डब्याच्या मागे धरली, तर धूर बाहेर ढकलला जायच्या ऐवजी आत. मागचा पंखा मी उलटा बसवला होता. तिन्ही पंखे हवा आत घेत होते, बाहेर जायचा नीट रस्ताच नव्हता. पंख्याच्या ज्या बाजूला आधाराच्या काड्या आणि स्टिकर असतं, तिकडून हवा बाहेर पडते, हे तेव्हा कळलं. उलटवला, आणि भर दुपारी आकडा ६६ वर स्थिरावला. सगळा खर्च साडेचार हजारांच्या आत.

प्रस्ताव वेळेत गेला. पुढच्या बैठकीत मी मोठ्या अभिमानानं सगळ्यांना घरी बोलावून मशीन दाखवलं. कुठून हवा आत, कुठून बाहेर, उदबत्तीसकट. बायका कौतुकानं बघत होत्या. कढईवर बसणाऱ्या आमच्या एक मावशी मात्र गप्प. जाता जाता दाराशी थांबल्या आणि हसत म्हणाल्या, "ताई, मशीनले तीन पंखे लावले तुम्ही, आन् आमले?"

मी काय बोलणार? आमची वेफर्स तळायची जागा म्हणजे पत्र्याची शेड. दोन मोठ्या शेगड्या, उकळतं तेल, एकच खिडकी, तीही केळांवर धूळ नको म्हणून बंद. एप्रिलमध्ये एकीला चक्कर आली होती, तेव्हा आम्ही लिंबूसरबत दिलं आणि 'उपाशी असशील' म्हटलं. मशीन बंद पडलं, तर मी तीन दिवस कारण शोधत बसले. बाई बंद पडली, तर सरबत!

दुसऱ्याच आठवड्यात शेडच्या मागच्या भिंतीत, वर, एक्झॉस्ट पंखा बसवला. समोरची खिडकी उघडून तिला बारीक जाळी मारली. शेगड्या पंख्याच्या बाजूला सरकवल्या, म्हणजे वाफ बायकांच्या तोंडावरून न जाता सरळ बाहेर. तळणाची वेळ पहाटे पाच ते नऊ केली. मावशींनी स्वतः उदबत्ती पेटवून बघितली. धूर सरळ वर गेला, पंख्यातून बाहेर. "आता बराबर," म्हणाल्या.

कशिद्याचं कव्हर मी टाकलेलं नाही. रात्री कॉम्प्युटर बंद केला, थंड झाला, की घालते. सकाळी काढते, तेव्हा आधी शेडमध्ये फोन करून विचारते, "पंखा लावलात ना?"