भिजलेला माल आणि व्यापाऱ्याची नियत

माणगावच्या बाजारपेठेत पावसाळा म्हटला की गोदामात ओल येणारच. समजा, दोन दुकानदारांकडे ओल लागलेल्या सिमेंटच्या गोणी आहेत. पहिल्याला ते ठाऊक नाही. त्याने माल विकला आणि गिऱ्हाइकाच्या घराला तडे गेले. दुसऱ्याला ठाऊक आहे. त्याने खडे झालेल्या गोणी चांगल्या गोणींत मिसळून खपवल्या. त्या कुंपणाच्या कामी गेल्या, काही बिघडले नाही. यांत वाईट कोण? बाजार पहिल्याला नावे ठेवील आणि दुसऱ्याला सलाम करील. कारण माणसे बहुधा परिणामावरून पारख करतात.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९३२ साली मुलांच्या नीतिविचारावर पुस्तक लिहिले. त्यांनी मुलांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एकाने दार उघडताना नकळत पंधरा कप फोडले. दुसऱ्याने चोरून मुरंबा काढताना एकच फोडला. लहान मुले बहुधा पंधरा कपवाल्याला जास्त वाईट म्हणत. मोठी मुले हेतू पाहत. पण नुकसान मोठे झाले की मोठी माणसेही कप मोजू लागतात.

शेजारच्या महाडात २४ ऑगस्ट २०२० रोजी तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जण दगावले. बिल्डरसह अनेकांवर गुन्हा नोंदला गेला. दोष कोणाचा, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण अशा घटनेनंतर जो तो सळई-सिमेंटची चौकशी करू लागतो. जी इमारत उभी आहे तिच्याबद्दल कोणी विचारीत नाही. कच्चा माल वापरला तर चूक त्याच दिवशी होते. इमारत पडते त्या दिवशी ती फक्त दिसते.

मदिनेच्या बाजारातील हदीस सर्वांना माहीत आहे. रसूलुल्लाह (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तो आत ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. पाऊस हा त्याचा अपराध नव्हता. भिजलेले धान्य वर न ठेवता खाली दडवले, हा अपराध होता.

मग नियत साफ असली की सुटका झाली का? इमाम अबू हनीफा कूफ्यात कापडाचा व्यापार करीत. त्यांच्या भागीदाराने ऐब असलेले कापड ऐब सांगायला विसरून विकले. गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी ती सारी रक्कम खैरात केली, असे सांगतात. कायदाही याच वाटेने जातो. १८७२ चा भारतीय करार कायदा जाणूनबुजून केलेली फसवणूक आणि नकळत दिलेली चुकीची माहिती यांत फरक करतो. पण दोन्हींत फसलेल्याला सामान्यतः करार रद्द करता येतो.

तेव्हा ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणण्याआधी, ठाऊक करून घेणे शक्य होते का, हेही पाहावे लागते. सिमेंटच्या गोणीवर ते कधी बनले हे छापलेले असते. ३ महिन्यांहून जुना माल तपासल्याशिवाय वापरू नये, हे गवंड्यालाही कळते. गोणी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचल्या तर ओल कमी लागते.

व्यापारी व कारागीर बांधवांनी माल हातावेगळा करण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मला यातला ऐब ठाऊक आहे का? नसेल, तर मी नीट पाहिले का? आणि गिऱ्हाइकाच्या जागी मी असतो, तर हे मला सांगायला हवे होते का? ऐब सांगून कमी भावात विकलेला माल हलाल आहे. लपवून विकलेला माल गिऱ्हाइकाकडे निभावला, तरी हिशेब चुकलेलाच राहतो.