तगरीवरचे निळे डोळे

काल सकाळी तगरीखाली काळ्या लेंड्यांचा सडा दिसला. वर पाहिलं, तर शेंडे बोडके! पान उलटलं आणि सापडली बोटाएवढी हिरवी अळी. डिवचताच तिने मान आखडून दोन निळे डोळे वटारले.

ते डोळे खोटे बरं का, पक्ष्यांना घाबरवायला.

ही ओलिअँडर हॉक मॉथची अळी. मादी तगर, कण्हेर, सदाफुलीच्या पानांवर एकेक अंडं घालते. कण्हेर आपल्याला विषारी, हिला पक्वान्न!

पूर्ण वाढली की अळी तपकिरी पडते, खाली उतरून पालापाचोळ्यात कोष करते. त्यातून निघतो हिरव्या-गुलाबी नक्षीचा पतंग, संध्याकाळी फुलापुढे हवेतच थांबून सोंडेने मधुरस पिणारा.

फवारणी नको, तगर पुन्हा फुटते. तुमच्याकडे दिसली का? फोटो टाका, ओळखून सांगतो.