लाली गेली त्याची गोष्ट

अब्बा गेले तेव्हा चाळीस दिवस आमच्या ओसरीवर माणसांची ये-जा होती. लाली गेली त्या दिवशी एकजण आला. "किती वर्षांची होती?" त्यानं विचारलं. म्हटलं, अठ्ठावीस-एकोणतीस असेल. "मग झालंच की वय, भाई," असं म्हणून तो विजेच्या बिलावर बोलू लागला. चुकीचं काही बोलला नाही तो. घोड्याचं आयुष्य २५ ते ३० वर्षांचंच. तरीही त्यानंतर दोन महिने मी पहाटे पाचला उठायचो, बादली उचलायचो आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरायचो. साठीकडे झुकलेला माणूस एका घोडीसाठी असा का वागतो, हे मला स्वतःलाच समजून घ्यायचं होतं. त्याचीच ही गोष्ट आहे.

अब्बा मिरज स्टेशनवर टांगा चालवत. त्यामुळं घोड्याचा वास मला लहानपणापासून ओळखीचा. मी बी.ए. झालो, कारकुनीला लागलो, कविता करू लागलो, रिक्षा आल्या, टांगा मोडीत गेला. मग २०१६ च्या उन्हाळ्यात एका वीटभट्टीच्या रस्त्याकडेला ही तांबडी घोडी उभी दिसली. पुढचा एक गुडघा सुजलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. मालकाला मी दोष देत नाही. त्याच्या स्वतःच्या पोरांच्या बरगड्याही दिसत होत्या. जे मागितलं ते देऊन घोडी घरी आणली. नाव विचारलं, तर म्हणाला, घोडीच म्हणतो. रंगावरून लाली हे नाव अम्मीनं ठेवलं.

वय दातांवरून काढलं. घोड्याच्या वरच्या जबड्यातल्या कडेच्या पुढच्या दातावर, दहाव्या वर्षाच्या सुमारास, हिरडीजवळ एक तपकिरी रेघ दिसू लागते. ती खाली सरकत विसाव्या वर्षापर्यंत दाताच्या टोकाला पोचते आणि मग वरून पुसायला लागते. हा अंदाजच, पण सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेत घोडा घेणारा जाणता माणूस आधी तोंड उघडून बघतो तो यासाठी. लालीची रेघ वरून पुसट होऊ लागली होती. म्हणजे विशी उलटलेली.

आधीच्या वीस वर्षांचं काय? ती तिच्या अंगावर होती. खोगीर किंवा सामान घासून खोल जखम झाली, की तिथं पुढं केस पांढरे उगवतात. लालीच्या पाठीवर असे सात ठिपके होते. छातीवर पट्ट्याची एक पांढरी रेघ. तिला शिंगरं झाली असतील का, झाली असतील तर कुठं असतील, मला कधीच कळणार नव्हतं. म्हातारं जनावर सोडवून आणणाऱ्याच्या वाट्याला पुस्तकाचं शेवटचंच प्रकरण येतं. मागची पानं दुसऱ्यानं फाडलेली असतात. त्यामुळं आपलं प्रेम थोडं कर्ज फेडल्यासारखं होतं. कर्ज दुसऱ्याचं, फेडणारे आपण. ते फिटायच्या आत जनावर गेलं, की दुःखात अपराधीपणा मिसळतो. वासरापासून वाढवलेला बैल गेल्यावर शेतकरी रडतो, तेव्हा त्याच्याजवळ आठवायला सगळं आयुष्य असतं. माझ्याजवळ जेमतेम नऊ वर्षं होती.

आणि ती नऊ वर्षं कामाची होती. घोड्याच्या दाढा चघळून झिजतात आणि हिरडीतून थोड्या थोड्या वर येत राहतात. म्हातारपणी वर यायला काही उरत नाही. मग घोडा गवत चावतो, पण त्याचा ओला बोळा तोंडातून खाली टाकतो. खातोय असं वाटतं आणि उपाशी राहतो. लालीला दिवसातून चार वेळा भिजवलेला कोंडा, भरडलेला हरभरा आणि बारीक कापलेला चारा लागे. रोज खरारा, रोज खूर साफ करणं. पावसाळ्यात गुडघ्याला शेक.

झोपेचीही एक गोष्ट सांगतो. घोडा उभ्यानं झोपतो असं आपण म्हणतो, ते खरंच आहे. त्याच्या पायांची रचनाच तशी आहे. पण गाढ झोप त्याला आडवं झाल्यावरच लागते. सांधे दुखत असले किंवा जागेचा भरवसा नसला, तर तो आडवा होत नाही. लाली आमच्याकडे आल्यावर तेराव्या रात्री प्रथम आडवी झाली. मी आणि अम्मी कंदील घेऊन दारात उभे होतो. अम्मी कुजबुजली, "आता ती घरात आली."

२०२५ च्या जानेवारीत ती पुन्हा आडवी झाली, ती वेगळ्या कारणानं. लोळायची, उठायची, मान वळवून कुशीकडं बघायची, पुढच्या पायानं जमीन उकरायची. हा पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही. जठराच्या तोंडाचा स्नायू इतका घट्ट असतो, की आत गेलेलं त्या वाटेनं बाहेर येत नाही. त्यातून म्हाताऱ्या घोड्यांच्या पोटात चरबीची गाठ देठासारखी लोंबू लागते आणि कधी तो देठ आतड्याला फास घालतो. डॉक्टरांचा अंदाज तोच होता. शांत उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देतं. लालीचे नव्वदच्या वर गेले होते. हिरड्या काळपट पडल्या होत्या. शस्त्रक्रिया या वयात आणि आमच्या गावात होण्यासारखी नव्हती. वेदना कमी करायचं इंजेक्शन दोनदा दिलं, दोनदा उतरलं. रात्री अडीच वाजता डॉक्टर म्हणाले, "चाचा, आता तुम्ही ठरवा."

माणसाच्या मरणात हे वाक्य सहसा आपल्या वाट्याला येत नाही. अब्बांच्या वेळी आम्ही दुआ मागत बसलो होतो, ठरवणारा दुसरा होता. इथं ठरवणारा मीच. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यातही वेदनेत तडफडणाऱ्या, वाचण्याची आशा नसलेल्या जनावराला सोडवण्याची तरतूद आहे. कायदा बरोबर आहे, डॉक्टर बरोबर होते, मीही बरोबरच होतो. तरीही नंतर रोज रात्री अडीचला जाग यायची आणि मनात यायचं, एक तास आधी हो म्हणायला हवं होतं. दुसऱ्या रात्री वाटायचं, एक दिवस थांबायला हवं होतं. ज्यांनी ज्यांनी असा निर्णय घेतला आहे, त्यांना हे दोन्ही विचार ओळखीचे असतील. ते एकमेकांविरुद्ध आहेत आणि दोन्ही एकाच माणसाला छळतात.

भुलीच्या जातीचं औषध मोठ्या मात्रेत शिरेतून दिलं. मिनिटभरात संपलं. उरला साडेतीनशे किलोचा देह. दुःखाला असा व्यवहारही चिकटलेला असतो. या औषधानं गेलेलं जनावर उघड्यावर टाकता येत नाही; ते खाणारी कुत्री, गिधाडं मरतात. गुरांना द्यायच्या डायक्लोफिनॅकनं गिधाडं संपत आली, म्हणून २००६ साली त्यावर बंदी आणावी लागली, हे पुष्कळांना आठवत असेल. खोल खड्डा हवा, विहिरीपासून लांब हवा. जेसीबीवाला उजाडता आला. त्यानं दोनदा विचारलं, "ट्रॅक्टरनं ओढून नेलं असतं की हो." मग माझ्याकडं बघून गप्प बसला आणि काम अतिशय हळू केलं. पैसे कमी घेतले.

लालीच्या सोबतीला एक शेळी होती. तिला डॉक्टरांनी मुद्दाम देहाजवळ सोडायला लावलं. घोडे पाळणारे जाणकार हे करतात. कळपातला सोबती अचानक नाहीसा झाला, तर मागं उरलेला घोडा दिवसेंदिवस खिंकाळत, कुंपणाशी येरझाऱ्या घालत राहतो. देह हुंगून घेऊ दिला, तर बहुधा लवकर निवतो. शेळीनं लालीचं नाक हुंगलं, कान हुंगला, थोडा वेळ उभी राहिली आणि चरायला गेली. मला तेवढं जमलं नाही.

का जमलं नाही? केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ साली अशा दुःखावर पुस्तक काढलं. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान्यता देत नाही, त्याचा शोक आतच कोंडतो, असं त्याचं म्हणणं. माणसासाठी आमच्यात जनाजा आहे, फातिहा आहे, चाळिसावा आहे. जनावरासाठी यातलं काही नाही. शेजारच्या पाटलांकडं बैल गेला, तेव्हा त्यांनी हळदकुंकू वाहून त्याला मातीत ठेवलं होतं. बैलाला पोळा आहे, घोड्याला दसऱ्याला हार मिळतो. पण तो कामाच्या जनावराचा मान आहे. बसून खाणाऱ्या म्हाताऱ्या घोडीचा शोक कुठल्या रिवाजात बसवायचा?

चेकॉव्हची १८८६ सालची एक कथा आहे. पीटर्सबर्गच्या बर्फात घसरगाडी चालवणाऱ्या म्हाताऱ्याचा मुलगा वारलेला असतो. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू बघतो. कुणाला वेळ नसतो. शेवटी तबेल्यात तो आपल्या घोडीला सगळं सांगतो. कॉलेजात वाचली तेव्हा कथा फार आवडली होती. आता तिच्यात मला वेगळंच दिसतं. अम्मी २०२१ मध्ये गेली, तेव्हा माणसांपुढं मी नीट रडलो नव्हतो. खरारा करताना लालीच्या मानेवर डोकं टेकून रडलो होतो. लाली गेल्यावर ती मानही गेली. अम्मीच्या दुःखाचा राहिलेला भागही तेव्हाच बाहेर आला. एका मरणात जुनी मरणं अशी येऊन बसतात, आणि बाहेरच्याला वाटतं, हा एवढं एका घोडीसाठी रडतोय.

काय केल्यानं बरं वाटलं ते सांगतो. शेपटीचे केस कापून घेतले होते. नातीनं त्यांची वेणी घातली. तिला आम्ही खरं तेच सांगितलं. लाली पळून गेली म्हटलं असतं, तर ती अजून रस्त्यावर वाट बघत बसली असती. दुसरा घोडा लगेच घ्या, असं पुष्कळांनी सुचवलं. घेतला नाही. आणि एक दिवस दुकानदारानं, मी काही न मागता, गुळाचा खडा कागदात बांधून पुढं केला. नऊ वर्षांची त्याची सवय. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं विचारलं, "चाचा, तिला गूळ कुठला आवडायचा हो, काळा की पिवळा?" काळा, मी म्हटलं. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी आम्ही अर्धा तास बोललो. खडा मी घरी आणला. शेळीनं खाल्ला.