प्राणवायू-मापकाची निगा

शेततळ्यात सोडलेल्या रोहू, कटला, मृगळ या माशांवर संकट येते ते बहुधा पहाटे. दिवसा उन्हात पाण्यातील शेवाळ प्राणवायू तयार करते. रात्री मात्र शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ हे सगळे तोच प्राणवायू वापरतात. त्यामुळे सूर्योदयापूर्वी त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते आणि ढगाळ हवेत ते आणखी घटते. दर लिटर पाण्यात ५ मिलिग्रॅम किंवा अधिक प्राणवायू असावा. तो ३ च्या खाली गेला की धोका समजावा.

हे प्रमाण पाहण्यासाठी आता अनेकांकडे मीटर आले आहे. पण मळलेले मीटर खोटे सांगते. आकडा कमी दाखवला तर एअरेटर विनाकारण चालून वीज किंवा डिझेल वाया जाते. आकडा जास्त दाखवला तर आपण निश्चिंत झोपतो आणि सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात.

आत काय असते?

नेहमीच्या मीटरच्या कांडीच्या टोकाला पातळ पडदा असतो. त्याच्या आत क्षाराचा द्राव आणि धातूचे दोन ध्रुव असतात. पाण्यातील प्राणवायू पडद्यातून आत झिरपतो, त्यापासून बारीक वीजप्रवाह निर्माण होतो आणि मीटर तोच मोजते. अमेरिकन शास्त्रज्ञ लेलँड क्लार्क यांनी १९५६ साली ही रचना प्रसिद्ध केली. पडद्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर बसला की प्राणवायू नीट आत जात नाही. शिवाय थरातले शेवाळ दिवसा स्वतःच प्राणवायू सोडते आणि रात्री तो खाते. मग आकडा तळ्याचा न राहता त्या थराचा होतो.

रोजची स्वच्छता

वापर झाला की कांडी लगेच स्वच्छ पाण्याने धुवावी. पडद्यावर चिखल वाळू देऊ नये. थर बसलाच तर मऊ ओल्या फडक्याने हलकेच टिपावा. नख, ब्रश, राख किंवा भांड्यांची घासणी पडद्याला लावू नये. नंतर टोपणातील स्पंज ओला करून टोपण बसवावे आणि कांडी सावलीत ठेवावी. उन्हात किंवा खतांच्या पोत्यांजवळ ठेवू नये.

पडदा आणि द्राव बदलणे

पडद्याला सुरकुती, छिद्र किंवा आत हवेचा बुडबुडा दिसला, अथवा आकडा स्थिर राहीना, तर पडदा बदलावा. जुना द्राव ओतून टाकावा, ताजा भरावा आणि बुडबुडा न राहू देता नवा पडदा बसवावा. द्राव कंपनीने सांगितलेलाच वापरावा. काही मीटरमधील द्राव दाहक असतो. तो मुलांच्या हाती देऊ नये आणि काम झाल्यावर हात धुवावेत. गाळातील सडक्या अंड्यासारख्या वासाच्या वायूने आतील चांदीचा ध्रुव काळा पडतो. तो साफ करण्याची रीत पुस्तिकेत पाहावी. अंदाजाने सँडपेपर चालवू नये.

नव्या प्रकाशीय मीटरला असा द्राव लागत नाही. पण त्याच्या टोपीवरील रंगाचा लेप नाजूक असतो. त्याला स्पिरिट लावू नये, ओरखडा पडू देऊ नये आणि टोपी ठरल्या मुदतीत बदलावी.

मीटर जुळवणे

आधी पडदा साफ करावा, मगच मीटर जुळवावे. पडद्यावरील थेंब टिपून घ्यावेत. ओलसर स्पंज असलेल्या टोपणातील दमट हवेत कांडी दहा-पंधरा मिनिटे ठेवून मीटर १०० टक्क्यांवर आणावे. गावाची उंचीही ध्यानात घ्यावी. २५ अंश तापमानाचे गोडे पाणी समुद्रसपाटीला लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू धरते, तर पुणे-नाशिकच्या उंचीवर सुमारे ७.७.

कधीतरी शून्याचीही परीक्षा घ्यावी. १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम सोडियम सल्फाइट विरघळवून त्यात कांडी बुडवावी. काही मिनिटांत आकडा शून्याजवळ आला नाही तर पडदा किंवा द्राव बिघडला आहे असे समजावे. नंतर कांडी भरपूर पाण्याने धुवावी. हा द्राव तळ्यात ओतू नये.

मोजताना पडद्याची कांडी पाण्यात सावकाश हलवत राहावी, कारण ती स्वतः टोकापाशी असलेला प्राणवायू वापरते. आकडा स्थिरावल्यावरच तारीख, वेळ आणि खोली वहीत लिहावी. पडदा बदलल्याची तारीखही त्याच वहीत असावी.

आणि एक गोष्ट विसरू नये. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून हवा घेऊ लागले, तर मीटर काहीही दाखवो, आधी एअरेटर सुरू करावा. मीटरची तपासणी त्यानंतर करावी.