पेशीतला हमाल आणि मेंदूतली गाठ

डहाणू-तलासरीकडे मोठ्या माणसाला पहिल्यांदाच फीट आली की कुणी चप्पल हुंगवतो, कुणी 'बाहेरचे आहे' म्हणत झाडफूक करणाऱ्याकडे नेतो. फीटची कारणे अनेक असतात; त्यांतले एक मेंदूतली गाठ. ती कशी वाढते हे समजले, तर उशीर का परवडत नाही हेही समजते.

पेशीत सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात. त्यांवरून 'मोटर प्रथिने' हमालासारखी ओझी वाहतात. त्यांतले कायनेसिन 1985 साली सापडले, तेही स्क्विडच्या, म्हणजे आपल्या बाजारातल्या माकुलाच्या, मज्जातंतूत. त्याचे एक पाऊल 8 नॅनोमीटरचे. सव्वा लाख पावले टाकावीत तेव्हा एक मिलिमीटर होतो! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशाच प्रथिनांवर काम करणाऱ्या डॉ. रूप मलिक यांना 2018 चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

याच घराण्यातले 'केआयएफ-11' पेशी दुभंगताना तिची दोन टोके एकमेकांपासून ढकलते. ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या घातक कर्करोगात ते दुहेरी काम करते, असे 2015 च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले: पेशी वाढवते आणि त्यांना आजूबाजूला पसरायलाही मदत करते. ते रोखल्यावर उंदरांमधल्या गाठींची वाढ मंदावली. अशा पसरलेल्या पेशी शस्त्रक्रियेनंतरही मागे राहतात. म्हणून पुढे किरणोपचार आणि औषधे लागतात. केआयएफ-11 रोखणारे औषध मात्र अजून नेहमीच्या उपचारात आलेले नाही. रक्तातून मेंदूत औषध पोहोचवणेच अवघड असते.

हमालाऐवजी रूळच मोडणारे औषध मात्र जुने आहे. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन मेंदूच्या काही गाठींवर वापरतात. त्याने हातापायांना मुंग्या येतात, कारण मज्जातंतूंनाही तेच रूळ लागतात. म्हणून सदाफुलीचा काढा घरी करून कुणाला देऊ नये. ती विषारी आहे.

फीट आलेल्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करा. थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सकाळी वाढणारी डोकेदुखी, उलट्या, एका बाजूचा अशक्तपणा किंवा बोलण्यात, वागण्यात बदल दिसला तरीही दाखवा आणि स्कॅन लागेल का ते विचारा. गाठ निघालीच, तर परळचे टाटा रुग्णालय आपल्यापासून रेल्वेच्या वाटेवर आहे. दुआ जरूर करा. ती गाडीत बसूनही करता येते.