गरोदरपणातील वनस्पतिजन्य पूरके : ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे

गरोदरपणाची चाहूल लागताच घरात सल्ल्यांचा ओघ सुरू होतो. मळमळीवर आल्याचा रस, शक्तीसाठी चूर्ण, सुलभ बाळंतपणासाठी काढा असे नाना उपाय सुचविले जातात. झाडपाल्याच्या औषधाने अपाय होत नाही, ही समजूत देशभर रुजलेली आहे. वैद्यकशास्त्र मात्र तिला दुजोरा देत नाही.

वनस्पतीतील गुणकारी द्रव्ये हीदेखील रसायनेच असतात. मातेच्या रक्तात मिसळलेली अनेक द्रव्ये वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचू शकतात. गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात बाळाचे प्रमुख अवयव आकार घेतात. या काळात कित्येक स्त्रियांना दिवस राहिल्याची कल्पनाही नसते. म्हणूनच अपत्याचा विचार सुरू होताच अशा पूरकांबाबत सावध होणे इष्ट ठरते.

मात्रेलाही तितकेच महत्त्व आहे. भाजीतील हळद किंवा मेथी आणि त्यांच्या अर्काची कॅप्सूल यांत मोठे अंतर आहे. मळमळीसाठी आल्याचा मर्यादित वापर उपयुक्त ठरू शकतो, असे अभ्यासांत आढळले आहे. मात्र रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. ज्येष्ठमधातील ग्लिसऱ्हायझिन अधिक प्रमाणात पोटात गेल्यास रक्तदाब वाढू शकतो. फिनलंडमध्ये तर गरोदर स्त्रियांना ज्येष्ठमध अधिक प्रमाणात न खाण्याचा सल्ला दिला जातो. अश्वगंधेची पूरके आणि कोरफडीच्या सालीलगतच्या पिवळ्या चिकापासून बनविलेली रेचके गरोदरपणात टाळावीत, असे तज्ज्ञ सांगतात.

दुसरा धोका भेसळीचा व जड धातूंचा आहे. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिशाचे घातक प्रमाण आढळले. त्या सर्वजणी भारतात तयार झालेली आयुर्वेदिक औषधे घेत होत्या. शिसे वारेतून बाळापर्यंत जाते व त्याच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणू शकते. पुत्रप्राप्तीच्या आमिषाने दिल्या जाणाऱ्या औषधांपासून तर कटाक्षाने दूर राहावे. बाळाचे लिंग गर्भधारणेच्या वेळीच निश्चित झालेले असते. कोणत्याही औषधाने ते बदलत नाही. धोका तेवढा उरतो.

वेष्टनावरील मजकूर बारकाईने वाचणे आवश्यक आहे. आयुर्वेदिक औषधांना औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० लागू आहे, तर आरोग्यपूरके अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या कक्षेत येतात. पूरकाच्या वेष्टनावर ते औषधी वापरासाठी नसल्याची सूचना असणे बंधनकारक आहे. परवाना क्रमांक, घटकांची यादी व मुदत नसलेली पुडी घेऊच नये. परवाना असला, तरी ते उत्पादन गरोदरपणात सुरक्षित असल्याचे सिद्ध झाले आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

याचा अर्थ आयुर्वेद त्याज्य आहे, असा नव्हे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातही गर्भवतीवर तीव्र औषधांऐवजी सौम्य उपचार करावेत, असे सांगितले आहे. औषध घ्यायचेच असल्यास नोंदणीकृत वैद्याकडून घ्यावे आणि प्रसूतितज्ज्ञांना त्याची माहिती द्यावी.

लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्यांना मात्र काढा किंवा चूर्ण हा पर्याय नाही. बाळाच्या मेंदूची व मज्जारज्जूची घडण गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांतच सुरू झालेली असते. त्यामुळे फॉलिक आम्ल गर्भधारणेपूर्वीच सुरू करणे हितावह ठरते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते.

तपासणीला जाताना घरात चालू असलेली प्रत्येक पुडी, बाटली व डबी सोबत न्यावी. सासूबाईंनी किंवा आईने प्रेमाने दिलेला काढाही डॉक्टरांपासून लपवू नये. तो सांगण्यात संकोच कसला? आई जे घेते, ते बाळापर्यंत पोहोचू शकते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.